गोठ्यातला ठिपका

राजनंदिनी लहानपणी भित्री नव्हती. घोडेगावच्या अलीकडे, उसाच्या मळ्यांमधून आत गेलेल्या वस्तीवर ती वाढली, आणि तिथे भ्यायला कुणाला सवड नसे. शाळेला पायी जायचं, येताना घासाचा भारा आणायचा, दिवेलागणीला पुस्तक उघडायचं. वीज गेली तर तोंडपाठ असलेलं म्हणत बसायचं. पुढे ती नगरला इंजिनियर झाली. सावेडीतल्या एका लहान कंपनीत नोकरीला लागली आणि तिथेच एका खोलीत भाड्याने राहू लागली. लग्नाचं पाहू, पाहू, म्हणता म्हणता तिशी उलटली. वस्तीवरच्या बायकांनी विचारणं सोडून दिलं तेव्हा तिला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही.

तिचं काम काय, हे तिच्या आईला, छबूबाईला, कधी नीट उमगलं नाही. एकदा जेवताना तिने विचारलं होतं.

"दिवसभर करतीस काय गं तिथं?"

"गाव बनवते."

"कसलं गाव?"

"कॉम्प्युटरातलं. त्यात माणसं असतात, जनावरं असतात. त्यांना एजंट म्हणतात."

"विम्याचे?"

"नाही गं! नुसते जीव. कुणी केव्हा काय करायचं ते आपण सांगून ठेवायचं आणि मग सोडून द्यायचं. पुढं काय होतं ते बघत बसायचं."

"म्हंजी देवावानीच की," छबूबाई भाकरी मोडत म्हणाली. "त्यानं बी सोडूनच दिलंय."

लम्पीच्या साथीत तालुक्यातली पुष्कळ जनावरं गेली. त्यानंतर कंपनीकडे एक काम आलं. जनावरांचा बाजार बंद ठेवला तर साथ किती आवरते, आणि चालू ठेवला तर कुठल्या वाटेने कुठल्या गोठ्यात शिरते, हे मॉडेल करून दाखवायचं होतं. चाचणीसाठी एक खरंखुरं गाव हवं होतं. राजनंदिनीने आपलंच दिलं. माहितीतलं गाव असलं की चुका लगेच दिसतात, असा तिचा साधा विचार. टॅबलेट घेऊन ती स्वतः घरोघर हिंडली. जनावरं किती, पाणी कुठे पाजता, रात्री कोण कुठे झोपतं. पडद्यावर नावं येत नसत. माणूस म्हणजे पिवळा ठिपका, जनावर म्हणजे तांबडा. पण कुठला ठिपका कोणाचा, हे तिला न सांगता कळे. लिंबाखाली दिवसभर हालत नाही तो सहादेवतात्या. सारखा या दारातून त्या दारात जातो तो ठिपका शेजारच्या मुक्ताबाईचा.

अशा गावाचा सगळा प्राण त्याच्या वेळापत्रकात असतो. तालुक्याच्या पोटात गाव, गावाच्या पोटात वस्ती, वस्तीच्या पोटात घर आणि गोठा, गोठ्याच्या पोटात गाय, आणि गाईच्या पोटात तिचा ताप. प्रत्येकाची वेळ निराळी. बाजार आठवड्याला भरतो, गाय दोन वेळा दूध देते, ताप तासातासाने चढतो. पण हाक वरून यावी लागते. तालुका गावाला हाक देतो, गाव वस्तीला, वस्ती गोठ्याला. ज्याला हाक आली तो हलतो. ज्याच्यापर्यंत हाक पोचत नाही, त्याच्यापुरता काळच नसतो. तो मरत नाही, म्हातारा होत नाही, त्याला भूक लागत नाही. तो फक्त असतो.

हे सगळं राजनंदिनीने स्वतःच्या हाताने रचलं होतं, आणि त्यात भिण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

फाल्गुन संपत आला होता. त्या दुपारी कचेरीतले बरेचजण जेवायला गेले होते. खिडकीबाहेर ऊन नुसतं उभं होतं. बाजार चालू ठेवून तिने गाव सोडून दिलं आणि डबा खात पडद्याकडे बघत बसली. शुक्रवार आला, तांबडे ठिपके रस्त्याला लागले, काही विकले गेले, काही परतले. शनिवार उजाडला. पिवळे ठिपके रानात पांगले.

एक पिवळा ठिपका हलला नाही.

वस्तीच्या कडेला, शेवटच्या गोठ्याच्या जागी तो होता. आधी तिला वाटलं, पडदाच अडकलाय. पण बाकी सगळं चालू होतं. मुक्ताबाईचा ठिपका जवळ आला, थांबला, परत गेला. सोमवार गेला, पुन्हा शुक्रवार आला. तो ठिपका तिथेच. तिने त्याच्यावर बोट ठेवलं. माणूस जिवंत. आजार नाही. शेवटचं काम: गाय सोडली. त्यानंतर काही नाही.

तिने डबा बाजूला सारला. तो ठिपका तिच्या आईचा होता.

मग तिने गोठ्याला लागून असलेल्या आईच्याच घरावर बोट ठेवलं. घर चालू होतं. रोज सकाळी पाणी भरलं जात होतं. अंगण झाडलं जात होतं. सडा पडत होता, चूल पेटत होती. आत माणूस नव्हतं. घराबाहेरच्या गोठ्यात आई थिजून उभी, आणि घर तिच्यावाचून आपला दिवस रेटत होतं.

सुश्रुत जेवून आला तेव्हा तिने त्याला बोलावलं. सुश्रुत तिचा वरिष्ठ, नगरातल्याच एका मास्तरांचा मुलगा. बोलायला खोडकर पण कामात पक्का. त्याने खुर्ची ओढली, थोडा वेळ प्रोग्रॅम वरखाली केला आणि हसला.

"अगं, बग आहे, प्रोग्रॅममधली साधी चूक. हे बघ, या बाईंना तू घराखाली न टांगता गोठ्याखाली टांगलंयस. गोठ्याने हाक दिली की त्या हलणार. शुक्रवारी त्यांची एकुलती एक गाय विकली गेली. गोठा रिकामा झाला की तो मोडीत काढायचा, ही ओळही तूच लिहिलीयस."

"हो. प्रोग्रॅम जड होत होता म्हणून."

"गोठा गेला, त्याचं वेळापत्रक गेलं. आता या बाईंना हाक मारणारं कुणी उरलंच नाही. बाई बिचाऱ्या उभ्याच! पण तू माणूस गोठ्याखाली टांगलंस कशाला?"

"नियमच तसा होता ना सर. ज्या छपराखाली झोपतं, त्या छपराखाली माणूस."

"आणि या गोठ्यात झोपतात?"

राजनंदिनीने डब्याचं झाकण लावलं. "बिबट्यामुळे," ती म्हणाली. "शेजारच्या वस्तीवरून वासरू नेलं त्याने. तेव्हापासून त्या बाजेसकट गोठ्यात गेल्या."

सुश्रुतने तिच्याकडे पाहिलं आणि तो काय ते समजला. मस्करी करायची थांबवून तो म्हणाला, "घराखाली टांग त्यांना. पाच मिनिटांचं काम आहे. आणि हे काय? सडा, झाडलोट, पाणी, हे सगळं घराच्या वेळापत्रकात घातलंयस? घर कसं झाडेल? हे माणसाचं काम आहे."

"आमच्याकडे सकाळी उठलं की झालेलंच असायचं," ती म्हणाली.

"झालेलं असायचं म्हणजे आईने केलेलं असायचं," सुश्रुत उठत म्हणाला. "लाडाची लेक दिसतेस."

हा सगळा बग होता, आणि ती तो हसण्यावारी नेऊही शकली असती. पण येत्या शुक्रवारी तिचा भाऊ रामहरी खरोखरच गाय बाजारात नेणार होता.

पवळी ही घरच्याच गाईची तिसरी पिढी. पाठीवर पोवळ्याच्या रंगाचा पट्टा होता, म्हणून पवळी. ती गाभण होती, सातवा महिना लागला होता. वडील गेल्यावर शेत वाट्याने दिलं. रामहरी सुप्याच्या कारखान्यात लागला, राजनंदिनी नगरला गेली. घरी उरली छबूबाई आणि पवळी. मागच्या महिन्यात उसाच्या कडेला बिबट्याच्या पायाचे ठसे दिसले आणि रामहरीने धसका घेतला. गाय विकायची आणि आईला सुप्याला न्यायचं, असं त्याने ठरवून टाकलं. त्याचं चुकत होतं असं नाही. उघड्या गोठ्यात एकटी म्हातारी, आणि बिबट्याला काही गाय आणि बाई असा फरक करता येत नाही.

राजनंदिनीने त्याच संध्याकाळी त्याला फोन लावला.

"दादा, आठ दिवस थांबतोस का? पवळीचं."

"का? गिऱ्हाईक ठरलंय. राहात्याचा दूधवाला हाय, चांगला मानूस. बाजारात फक्त पावती करायची."

"आईला जमेल का, गाय गेल्यावर?"

"आईनंच हो म्हनलं. 'ने बाबा' म्हनली. भांडली न्हाई, रडली न्हाई. तुला काय झालं एकाएकी?"

तिने सांगितलं. सांगताना तिचं तिलाच ते पोरकट वाटत होतं. पलीकडे यंत्राची घरघर चालू होती.

"म्हंजी तुझ्या कॉम्प्युटरात आई हुबी ऱ्हायली," रामहरी म्हणाला, "म्हनून मी हितं तिला बिबट्याच्या तोंडी ठिवू?"

"तसं नाही रे."

"नंदे, तुझं ते मशीन दुरुस्त कर. जनावर मी बघतो."

मग तिने आईला फोन केला. छबूबाई नेहमीसारखीच बोलली. हरभरा काढून झाला, मुक्ताबाईच्या शेळीला दोन करडं झाली, एक काळं, एक बांडं. शेवटी राजनंदिनीने विचारलं, "आई, पवळी गेल्यावर करमेल का तुला?"

"करमायचं काय त्यात?" छबूबाई म्हणाली. "ती हाय तवर मी हाय. फुडचं फुडं."

लोक असं बोलतातच. राजनंदिनीने स्वतःला तेच सांगितलं.

गुरुवारी तिने आईला घराखाली टांगलं. पुन्हा गाव सोडलं. शुक्रवार आला, गाय गेली, गोठा मोडला आणि शनिवारी पिवळा ठिपका घरातून बाहेर पडून रानाकडे चालू लागला. मुक्ताबाईच्या दारात थांबला. देवळात गेला. राजनंदिनीने तो कितीतरी वेळ पाहिला आणि मग खुर्चीला डोकं टेकलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला नीट भूक लागली. रामहरीला तिने पुन्हा फोन केला नाही.

शुक्रवारी गाय गेली. रामहरीने पावती केली, टेम्पो राहात्याकडे लावून दिला आणि बाजारातूनच तो कामावर गेला. आईला न्यायला तो पुढच्या रविवारी येणार होता.

शनिवारी राजनंदिनीने सकाळी फोन केला, कुणी उचलला नाही. दुपारी केला, संध्याकाळी केला. वाजून वाजून बंद पडे. शेवटी तिने मुक्ताबाईला लावला.

"मुक्ताकाकू, आई फोन उचलत नाही. बरी आहे ना?"

"न बरं व्हायला काय झालंय? गोठ्यात बसलीय. मी हाक मारली, तिनं वळून बघितलं न्हाई. म्हनलं रुसली असंल, गाय गेली म्हनून. बसू दे जरा."

"जेवली का?"

"जेवली असंलच की. सकाळीच चुलीचा धूर निघत हुता. अंगन बी झाडलंय लख, सडा टाकलाय. डेरा भरल्याला हाय दारात. मानूस बरं असल्याबिगर करतंय व्हय एवढं?"

मुक्ताबाई पुढे म्हणाली, "एक मातर इचारायचं ऱ्हायलं तिला. सड्याला ताजं शेन कुठनं आनलं गं हिनं? माझ्याकडं तर शेळ्याच. गाय तर काल गेली."

"काकू, तुम्ही आईला उठताना पाहिलंत का? गोठ्यातून बाहेर येताना?"

"आता पाळत ठिवून बसू का मी?" मुक्ताबाई हसली, आणि मग न हसता म्हणाली, "न्हाई. पाह्यलं न्हाई."

वस्तीवरच्या कुणालाही अंगण बघून धीर आला असता. राजनंदिनीला एकटीलाच ठाऊक होतं, की अंगणाचा, धुराचा आणि भरल्या डेऱ्याचा काही अर्थ नसतो. तिने ते पडद्यावर दिवसेंदिवस बघितलं होतं. घर चालू आणि माणूस थांबलेलं. "काकू, आत्ताच्या आत्ता तिला पाणी पाजा," असं सांगून तिने रामहरीला फोन केला. तो कामावर होता, उचलला नाही. पहाटेची पहिली गाडी धरून ती निघाली.

फाट्यावर उतरून ती उसातल्या वाटेने आत शिरली तेव्हा सूर्य नुकता वर येत होता. दोन्ही बाजूला उसाची पानं एकमेकांवर घासत होती. कुठल्या कुत्र्याने भुंकून विचारलं नाही, कुठे बादली वाजली नाही. वळणावरून घर दिसलं आणि ती जागीच थांबली.

अंगण ओलं होतं. खराट्याच्या रेघा एकीला लागून एक, अर्ध्या चंद्रासारख्या, थेट उंबऱ्यापर्यंत. त्यावर हिरवट सडा, अजून न वाळलेला, आणि त्याचा गारसर वास. त्या ओल्यावर पाऊल नव्हतं. जाणारं नाही, येणारं नाही. छपरातून निळा धूर सरळ वर चालला होता.

"आई?"

आत चुलीत विस्तव फुललेला होता. बाजूला परातीत भाकरी रचून ठेवल्या होत्या. वरची गरम होती. तिने खालची उचलून पाहिली, ती गार आणि चिवट. त्याखालची त्याहून जुनी, कडकडीत. एकही मोडलेली नव्हती.

ती मागच्या दाराने गोठ्यात गेली.

छबूबाई बाजेच्या कडेला बसली होती. हातात पवळीचं दावं. डोळे उघडे, समोरच्या रिकाम्या खुंट्यावर लागलेले. ओठांना चिरा पडलेल्या. पदराला शेजारणीने पाजलेल्या पाण्याचा डाग, बरंचसं ओघळून गेलेलं. श्वास चालू होता, अगदी बारीक, जसा झोपेत चालतो. राजनंदिनीने खांद्याला हात लावला, हलवलं, नाव घेतलं, रडली. छबूबाईची नजर तिच्यावरून फिरली आणि पुन्हा खुंट्यावर जाऊन बसली, जशी हवेवरून फिरावी.

घोडेगावचा डॉक्टर स्कूटरवर आला. नाडी पाहिली, सलाईन लावलं, डोळ्यांत बॅटरी मारली. "अर्धांग नाही, ताप नाही," तो म्हणाला. "अंगातलं पाणी कमी झालंय, ते भरून निघेल. पण मनाने घेतलंय काहीतरी. संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत तर नगरला न्या."

रामहरी दुपारी पोचला. आईसमोर उकिडवा बसून तो तिचे तळवे चोळत राहिला. "आये, मी हाय. तुझा रामहरी. बघ की गं हिकडं." मग तो बाहेर येऊन बहिणीजवळ उभा राहिला.

"तुझ्या त्या मशीनमधी पुढं काय झालं हुतं?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "तेच तर. पुढं काही झालंच नाही. ती तशीच राहिली."

"किती दिस?"

"मी बंद करेपर्यंत."

रामहरीने अंगणाकडे पाहिलं. ऊन डोक्यावर आलं होतं तरी सडा वाळला नव्हता. "हे कुनी केलं?"

"मी नाही. काकूंनी नाही."

चपला घालून त्याने त्या ओल्या अंगणाला वळसा घातला, बांधावरून गेला, आणि तिथूनच राहात्याच्या दूधवाल्याला फोन लावला. राजनंदिनीला त्याचं अर्धंच बोलणं ऐकू येत होतं. "व्हय, पावती झालीय, मान्य हाय... तुमच्या पाया पडतो शेट... काय? चारा बी न्हाई?" मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. परतला तेव्हा त्याचा चेहरा वेगळा होता.

"चल म्हनला, घेऊन जा. त्योच कावलाय. शुक्रवारपासनं पवळीनं वैरनीला तोंड लावलं न्हाई. एका जागी हुबी हाय म्हनं, खुटल्यावानी. त्याला वाटलं लम्पीच लागली."

राजनंदिनी गोठ्यात आईचा हात धरून बसून राहिली. रामहरी टेम्पो घेऊन गेला. सलाईन थेंबाथेंबाने उतरत होतं. घरातून अधूनमधून भांड्याचा आवाज येई. मांजर असेल, असं ती स्वतःला सांगे. वस्तीवर मांजर नव्हतं, बिबट्याने ठेवलं नव्हतं. ती बघायला उठली नाही. आई आपल्या हातात आहे, एवढं तिला पुरेसं होतं. बाकी सगळं घराचं घराने बघावं.

ऊन कलतं झालं तेव्हा उसातून टेम्पोचा आवाज आला. मागचं फळकूट पडलं, खुरं वाजली. रामहरीने पवळीला बांधाकडून आणलं, अंगण ओलांडून नाही. गाय गोठ्याच्या तोंडाशी थांबली, मान खाली घालून तिने एक लांब हुंकार दिला.

छबूबाईने श्वास घेतला, बुडून वर आलेल्या माणसासारखा. हाताला टोचलेली सुई न पाहताच ती उभी राहिली, राजनंदिनीने बाटली कशीबशी धरली. दावं तिच्या हातात होतंच. तिने ते गाईच्या गळ्यात घातलं, खुंट्याला अडकवलं आणि लेकाकडे वळून म्हणाली, "कवाधरनं उपाशी हाय ती. पानी तरी पाजलंस का रस्त्यानं?"

रामहरी तिथेच दाराशी बसला आणि लहान पोरासारखा रडला.

"आता ह्याला काय झालं?" छबूबाईने राजनंदिनीला विचारलं. मधले दिवस तिला ठाऊकच नव्हते. तिच्या लेखी शुक्रवारची दुपार आत्ताच कलली होती.

गाय पुन्हा विकायची भाषा रामहरीने काढली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने गोठ्याला चारी बाजूंनी लोखंडी जाळी मारायला माणूस बोलावला. एक दार, आतून कडी. आईची बाज आत, पवळी आत. "सुप्याला यायचं तवा दोघी या," एवढंच तो म्हणाला.

राजनंदिनी दोन दिवस राहिली. कचेरीतून सुश्रुतचा फोन आला, तेव्हा तिने आईची तब्येत सांगितली आणि मग म्हणाली, "सर, गुरुवारची माझी दुरुस्ती मागे घ्या. आधीचं बरोबर होतं."

"गोठ्याखाली?"

"गोठ्याखाली. आणि गोठा मोडायची ती ओळ काढून टाका. जनावर असो नसो, गोठा राहू दे."

"बरं. आणि ती झाडलोट? ती तरी आईंच्या नावावर घालू ना?"

नंतर बोलू, म्हणून तिने फोन ठेवला. पण त्या प्रश्नाने तिचा पिच्छा पुरवला. आईच्या नावावर. आईला सडा घालताना आपण पाहिलं ते कधी? आई धार काढताना दिसे, गवऱ्या थापताना दिसे, भाकरी टाकताना, भांडताना, आजारी, नटलेली, सगळी सगळी आठवे. खराटा घेतलेली आई मात्र कितीही आठवून डोळ्यांसमोर येईना.

निघायच्या दिवशी तिला पहाटे जाग आली. फटफटत होतं. गोठ्यातून चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता, आणि मधूनच छबूबाईचा गाईला दटावणारा, लाडका आवाज. "हल, हल म्हनते ना. म्हातारीचा पाय तुडवतीस व्हय गं?" रामहरी कालच गेला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं.

समोरच्या दाराबाहेर खराटा चालू होता. सावकाश, एका लयीत, उंबऱ्याच्या दिशेने येणारा.

राजनंदिनीने डोळे मिटून घेतले. तो आवाज तिला नवा नव्हता, हेच सगळ्यात वाईट होतं. लहानपणी रोज सकाळी अर्धवट झोपेत तो ऐकत तिने कूस बदलली होती, शाळेला उशीर होईल असं म्हणत, आई उठली असं समजत. खराटा थांबला. पाण्याचा शिडकावा झाला, एकदा, पुन्हा एकदा. मग शेणाचा ओला वास दाराखालून आत आला.

मागच्या दाराने छबूबाई दुधाची चरवी घेऊन आली.

"आई," राजनंदिनी अंथरुणातूनच, अगदी हळू म्हणाली, "सडा तू घालतेस ना?"

छबूबाईने चरवी उतरवली, वर फडकं झाकलं. "मी? मला गोठ्यातनं सवड कवा मिळाली?" ती म्हणाली. "मी आत येती तवा झाल्यालंच असतंय. तू रांगत हुतीस तवापासनं. मला वाटायचं सासूबाई करत्यात. त्या गेल्या, तरी हुतच ऱ्हायलं. मग म्या बी इचारायचं सोडून दिलं."

मग तिने समोरच्या दाराची कडी काढली, पण दार उघडायच्या आधी ती जराशी थांबली, जसं कुणाला तरी बाजूला व्हायला वेळ द्यावा.

"ऊठ आता," ती म्हणाली, "आनि गाडीला जाशील ती मागल्या दारानं जा. वाळंस्तोवर पाय देऊ नको त्याच्यावर."